पुडीतलं किट आणि १६०२ किलोहर्ट्झ

खरखरप्रेमी (धागाकर्ता)

इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या किटांचे व्हिडिओ हल्ली फार बघण्यात येतात. रंगीत खोका, आत खाचाखाचांत बसवलेले पार्ट, झाकणावर हसऱ्या गोऱ्या मुलाचं चित्र. बघायला छान वाटतं, पण आपली आठवण त्यात कुठंच बसत नाही. सोलापुरात आमच्यासाठी किट खोक्यातून कधी आलंच नाही. ते पुडीतून यायचं.

मासिकातलं सर्किट वहीच्या पानावर उतरवून घ्यायचं (मासिक विकत घेणारा गल्लीत एखादाच, बाकी सगळे उतरवून घेणारे), खाली पार्टची यादी करायची आणि नवी पेठेच्या आडगल्लीतल्या रेडिओ स्पेअरच्या दुकानात काउंटरवर सरकवायची. मालक चष्मा कपाळावर ढकलून यादी वाचणार, मग मागच्या लाकडी खणांची उघडझाप. "दहा के, चार. पॉइंट वन डिस्क, तीन. बीसी १४८ संपलंय, ५४८ देतो, चालतंय." रेझिस्टन्स पैशांत, ट्रान्झिस्टर रुपयांत. सगळं 'संचार'च्या तुकड्यात बांधून हातात. स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मरला पैसे पुरायचे नाहीत, ते पुढच्या वेळी. एक किट पुरं होईतो उन्हाळ्याची सुट्टी सरायची.

तयार किटं मागवायची तर दिल्लीकडून, व्हीपीपीनं. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' दिल्लीत १९६९ साली सुरू झालं. आमच्या वेळेपर्यंत त्यातल्या जाहिरातींची पानं सर्किटांइतकीच आवडीनं वाचली जायची. माझं मीडियम वेव्हच्या रेडिओचं सुपरहेट किट असंच पोस्टमनला पैसे मोजून घेतलेलं. लाल, पिवळ्या, पांढऱ्या आणि काळ्या टोपीचे आयएफटी, म्हणजे ट्यूनिंगचे छोटे ट्रान्सफॉर्मर (लाल म्हणजे खरं तर ऑसिलेटर कॉइल, पण दुकानात चौघांनाही आयएफटीच म्हणायचे), टू जे गँग (स्टेशन बदलायचा कंडेन्सर), फेराइट रॉड आणि अर्ध्या पानाचा कागद. कागदावरची शेवटची सूचना एवढीच, की एखादं स्टेशन लावून ट्यून करून घ्या.

'एखादं स्टेशन' म्हणजे काय, इथंच सोलापूरकराची गोची. आपली आकाशवाणी तेव्हा १६०२ किलोहर्ट्झवर, एक किलोवॅटची. मीडियम वेव्हवर नऊ-नऊ किलोहर्ट्झ सोडून स्टेशनांच्या जागा आखलेल्या आहेत, ५३१ पासून सुरू. १६०२ ही त्यातली शेवटची जागा, पुढं पट्टाच नाही. पुणे ७९२ वर, मुंबई ५५८ आणि १०४४ वर, सांगली १२५१ वर. ही सगळी काट्याच्या वाटेत यायची. आपलं मात्र गँग पूर्ण उघडून काटा कडेला टेकवला तरी हाती लागेलच याची खात्री नसायची.

कारण साधं आहे. या किटांत ऑसिलेटर (रेडिओच्या आतच स्वतःची लहर तयार करणारा भाग) स्टेशनपेक्षा ४५५ किलोहर्ट्झ जास्तीवर चालतो. सोलापूर ऐकायचं तर त्याला २०५७ पर्यंत चढता यायला पाहिजे. गँगपासून पीसीबीपर्यंतची (पार्ट बसवायच्या बोर्डपर्यंतची) वायर हौसेनं लांब ठेवली की त्या वायरीचीच कपॅसिटी गँगमध्ये मिसळते आणि ऑसिलेटर दोन हजारच्या अलीकडेच दमतो. रात्री हैदराबाद ७३८ वर धो धो यायचं, आणि सायकलवर टांग मारून जाता येईल एवढं जवळचं स्टेशन मात्र गायब.

मग वायरी तोडून आखूड केल्या. लाल टोपीचा गाभा फिरवून पट्ट्याचं खालचं टोक बसवायचं, गँगच्या पाठीवरचा ट्रिमर (बारीक कंडेन्सरचा स्क्रू) फिरवून वरचं. खालचं बसलं की वरचं हलतं, वरचं बसवलं की खालचं. दोन्ही जागेवर येईपर्यंत आलटून पालटून. लोखंडी पेचकस जवळ नेला तरी ट्यूनिंग सरकायचं, म्हणून टूथब्रशची दांडी कानशीनं घासून तिचाच पेचकस केला होता. त्यानं ट्रिमर केसभर फिरवला आणि खरखरीच्या आतून शेतमालाचे बाजारभाव ऐकू आले. ज्वारीचा भाव ऐकून एवढा आनंद झालेला दुसरा पोरगा तेव्हा जिल्ह्यात नसेल.

तर मंडळी, तुमचं पहिलं चाललेलं सर्किट कुठलं आणि न चाललेलं कुठलं? न चाललेल्यांबद्दल जास्त लिहा.


बाळीवेसचा_बाळ

काय काढलंस बे! सकाळी सकाळी कामाला लागायचं सोडून हेच वाचत बसलोय.

आमच्याकडं सगळ्यात जास्त बळी गेले ते यूएम ६६ चे. तीन पायांचा, दिसायला ट्रान्झिस्टर, आत एक अख्खं गाणं. पण तो तीन व्होल्टवाला जीव, फार तर साडेचार. पोरांकडं असायची नऊ व्होल्टची बॅटरी. पहिल्या दोन सुरांतच गाणं संपायचं, कायमचं. शेवटी कुणीतरी तीन पॉइंट तीनचा झेनर (व्होल्टेज बांधून ठेवणारा डायोड) लावायला शिकवलं आणि गल्लीतल्या घराघरांवर दरवाजाच्या बेलला तेच एक गाणं वाजायला लागलं. दूधवाला आला की पाच घरांतली माणसं बाहेर.


निवृत्त_मेकॅनिक

खरखरप्रेमी, ट्रॅकिंगचं, म्हणजे पट्ट्याची दोन्ही टोकं जुळवायचं, बरोबर सांगितलंत. मी तुमच्या आधीच्या पिढीतला. रेडिओच्या लायसनचं पुस्तक पोस्टात नेऊन त्यावर तिकीट लावून घ्यायचे, त्या काळातला.

आमच्या वेळी सिलिकॉन नुकतं येत होतं. स्पीकर चालवणाऱ्या पुशपुल आउटपुटला एसी १२७ आणि एसी १२८ ही ट्रान्झिस्टरांची जोडी, दोन्ही जर्मेनियम. आता जर्मेनियमची खोड अशी की तापमान साधारण दहा अंशांनी चढलं की त्याचा लीकेज (नको असताना झिरपणारा) करंट दुप्पट होतो. आणि आपल्या गावचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश, वर पत्र्याचं छप्पर. लीकेज वाढला की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की लीकेज आणखी वाढतो. बोट लावलं तर चटका. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "दुपारी आवाज फाटतो, रात्री बरोबर होतो." नवा पोरगा स्पीकर बदलून द्यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक परत हजर.

स्पीकर निर्दोष. बायसच्या जागी थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स) घालायचा, एमिटरला एकेक ओहमाचा रेझिस्टन्स, आणि एसी १२८ ला तांब्याच्या पत्र्याची टोपी करून चेसिसला कसून टाकायची. मुंबईत बनवलेल्या किटात थर्मिस्टर वाचवलेला असायचा, तिथं त्यांचं भागत असेल. सोलापुरात मे काढायचा तर तो लागतोच.

सोल्डर करताना सुद्धा जर्मेनियमचा पाय चिमट्यात धरायचा, म्हणजे उष्णता चिमटा पितो आणि ट्रान्झिस्टर वाचतो. डाग द्यायचा तो तीन सेकंदांत. डाग चकचकीत दिसला पाहिजे, राखाडी आणि दाणेदार दिसला तर तो ड्राय, पुन्हा करा.

अवांतर: ओसी ७१ हा काचेचा ट्रान्झिस्टर असायचा, वर काळा रंग. ब्लेडनं तो रंग खरवडला की झाला फोटोट्रान्झिस्टर! उजेड पडला की करंट वाढणार. मूळ फोटोट्रान्झिस्टर ओसीपी ७१ महाग होता, म्हणून हौशी पोरं ओसी ७१ खरवडायची. पुढं कंपनीनं काचेच्या आत अपारदर्शक पेस्ट भरायला सुरुवात केली आणि तो धंदा बंद पडला.


पूर्वभागकर

अशोक चौकाच्या आतल्या बाजूला आमचं घर. खाली माग, वर आम्ही. वडील चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढायचे आणि त्यावरून जेकार्डची कार्डं पंच करून घ्यायचे. भोक असेल तिथं हूक उचलला जाणार, दोरा वर. भोक नसेल तिथं दोरा खाली. एक कार्ड म्हणजे एक धोटा. हे मी शाळेत जायच्या आधीपासून बघत आलो, त्यामुळं ४०१७ नंबरचा आयसी हातात आला तेव्हा समजायला वेळ लागला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ५५५ हा आयसी टिकटिक देतो, ४०१७ त्या प्रत्येक टिकेला दहा पायांपैकी एकाच पायावर व्होल्टेज देतो, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. गणपतीत मंडळाच्या कमानीवर पळणारे दिवे ते हेच. नुसते एकामागून एक पळणारे दिवे दोन दिवसांत कंटाळवाणे होतात. नक्षी पाहिजे असेल तर डायोडचं जाळं करायचं. आडव्या दहा तारा म्हणजे ४०१७ चे दहा पाय, उभ्या तारा म्हणजे दिव्यांच्या ओळी. जिथं कार्डाला भोक पडलं असतं तिथं एक १एन ४१४८ डायोड. बस. वडिलांना दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "धा कार्डाचीच नक्षी होय? लई बारकी झाली की."

पण त्या बारक्या नक्षीतही दम होता. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या आधी आम्ही पॅनल केलं: यात्रेतल्या उंच काठ्या, म्हणजे सात नंदीध्वज शेजारी शेजारी, पायथ्यापासून वरपर्यंत उजळत जाणारे. पहिल्या टिकेला तळाची ओळ, दुसरीला तळाच्या दोन, असं दहापर्यंत. एक अधिक दोन अधिक तीन करत दहापर्यंत बेरीज करा, पंचावन्न डायोड लागतात. ४०१७ च्या पायात सात एलईडी एका वेळी ओढायची ताकद नाही, म्हणून प्रत्येक ओळीला एक बीसी ५४८. पीसीबीचा नकाशा वडिलांच्याच ग्राफ पेपरवर काढला. त्यांच्याकडं एक इंचाला दहा चौकटींचा कागद होता आणि आयसीच्या दोन पायांतलं अंतर इंचाचा दहावा भाग. चौकटीवर चौकट. ट्रॅक बहिणीच्या नेलपॉलिशनं, आणि उरलेलं तांबं खाणारं फेरिक क्लोराइड मागच्या अंगणात प्लास्टिकच्या टबात. त्याचे पिवळे डाग फरशीवर अजून आहेत, आई अजून बोलते.

४०१७ ची १३ नंबरची पिन ग्राउंड करायची राहिली तर मोठी गंमत होते. हवेतला ५० हर्ट्झचा हम ती पिन पकडते आणि दिवे मनाला येईल तसे थांबतात, पळतात. हात जवळ नेला की पळतात. अंगात आल्यासारखं.

त्याआधी डेकोरेशनवाल्यांकडं रोलर असायचा. लाकडाचं गोल, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, मोटर ते फिरवणार आणि वरून पत्र्याच्या जिभा टेकलेल्या. पट्टी आली की दिवा पेटला. ते पण एक प्रकारचं जेकार्डच. त्याच्या ठिणग्यांनी गणपतीच्या दहा दिवसांत रेडिओ ऐकायची सोय नसायची.

रेडिओचं म्हणाल तर पूर्व भागात आमच्याकडं बाराही महिने बोंब. मागाच्या मोटरा चालू असल्या की फक्त घर्रर्र.


होटगीरोडवाला

पूर्वभागकर, पंचावन्न डायोडांसाठी साष्टांग नमस्कार. पण एक दुरुस्ती. मागाची मोटर इंडक्शन मोटर असते. तिला ब्रश नसतात, ती ठिणगी पाडत नाही. तुमचा घर्रर्र मोटरचा नव्हता. स्टार्टरचे घासलेले कॉन्टॅक्ट, वायरिंगची ढिली जोडणी आणि शेडमधल्या ट्यूबलाइट, हे तिघं गुन्हेगार.


पूर्वभागकर

असंल. पण साहेब, तुम्ही मोटर बंद केली की घर्रर्र पण बंद व्हायचा, आम्ही कुणाला धरायचं?


होटगीरोडवाला

:) लोड गेला की ढिल्या जोडणीतली ठिणगीही जाते, म्हणून तसं वाटतं. तुम्ही रेडिओ एलिमिनेटरवर (सेलऐवजी घरातल्या विजेवर चालवायच्या डबीवर) चालवत असणार. सेलवर चालवला असता तर निम्मा आवाज तिथंच कमी झाला असता, कारण बराचसा वायरीतून आत येतो. एलिमिनेटरमधल्या प्रत्येक डायोडला एक पॉइंट झिरो वनचा कंडेन्सर समांतर लावला की स्टेशनवर आल्यावरच ऐकू येणारा तो खास हमही जातो. हे मला कुठल्या किटच्या कागदावर कधी दिसलं नाही.


ओहमताई

सगळे दादालोक लिहितायत म्हणून मीही लिहिते.

आमची अम्मा विड्या करायची. सूप मांडीवर, हजार विड्यांचा हिशेब, मान वर न करता बोलणार आणि बोटं थांबणार नाहीत. तेच बघून आम्हा बहिणींच्या बोटांना सवय लागलेली. भावानं रेडिओचं किट आणलं, त्यात फेराइट रॉडवर कॉइल घरीच गुंडाळायची होती. केसासारखी वायर, सत्तरच्या आसपास वेढे, एकावर एक चढता कामा नयेत आणि मध्ये फटही राहता कामा नये. भाऊ गुंडाळणार, तिसाव्या वेढ्याला वायर तुटणार. मी रॉडवर आधी वहीच्या कागदाची नळी केली, कारण कॉइल पुढं-मागं सरकवता यायला हवी, आणि ओकटी, रेंडू, मूडू (तेलुगूत एक, दोन, तीन) मोजत एका दमात गुंडाळली. शेवटी मेणबत्तीचे दोन थेंब. वायरीचं इनॅमल ब्लेडनं हळूच खरवडून टोकाला कथील चढवलं, हे लोक विसरतात आणि मग म्हणतात कॉइल खराब.

नळी रॉडच्या मधोमध असली की इंडक्टन्स जास्त, टोकाकडं सरकवली की कमी. सांगली एकदम स्वच्छ लागली.

शाळेच्या प्रदर्शनात तो रेडिओ ठेवला तेव्हा पुठ्ठ्यावर नाव एकट्या भावाचं. सरांनी त्याला विचारलं, कॉइल कुणी केली? तो म्हणाला, किटमध्ये तयार आली. त्याला मी अजून दर रक्षाबंधनाला ऐकवते. पुढं विजापूर रोडच्या आयटीआयला मी अर्ज केला, तो मात्र माझ्या नावानं केला.


बाळीवेसचा_बाळ

ताई, दंडवत. भावाला हा धागा पाठवा.


ओहायोचा_सोलापुरी

पुडीच्या दुसऱ्या टोकाला काय होतं ते सांगतो. इथं जुन्या रेडिओवाल्यांचे बाजार भरतात. सगळ्यात मोठा डेटनचा, २०१७ पासून तो झेनिया गावात भरतो. तिथून मी एक अर्धवट जुळवलेलं हीथकिट आणलं.

हीथ कंपनी मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची. महायुद्ध संपल्यावर लष्कराचे उरलेले पार्ट स्वस्तात मिळाले, त्यातून त्यांनी १९४७ साली ऑसिलोस्कोपचं किट चाळीस डॉलरच्या आत विकायला काढलं. तयार ऑसिलोस्कोप तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्यातला नव्हता. तिथून पुढं रेडिओ, अँप्लिफायर, रंगीत टीव्ही, १९७७ साली चक्क कॉम्प्युटर, १९८२ साली रोबो. १९९२ साली किटं बंद केली, कारण तोपर्यंत तयार वस्तू किटपेक्षा स्वस्त झाली होती.

त्यांचं खरं वैभव म्हणजे सोबतचं पुस्तक. एकेका वायरीची लांबी, कुठल्या भोकातून घालायची, कुठल्या टॅगला डाग द्यायचा, आणि प्रत्येक वाक्याआधी खूण करायला कंस. माझ्या किटात आधीच्या मालकानं पेन्सिलीनं खुणा केलेल्या आहेत. एका पानावर मध्येच त्या थांबतात. पुढचं मी केलं आणि पहिल्या फटक्यात चालू झालं. खरं सांगू? फारशी मजा आली नाही. आपल्या अर्ध्या पानाच्या कागदानं जे डोकं खायला लावलं, ते यात नाही.


रोखठोक

आता जरा थंड पाणी ओततो.

अर्ध्या पानाच्या कागदाचं कौतुक पुरे. ज्यांचं चाललं ते आज इथं लिहितायत. ज्यांचं चाललं नाही ती पोरं दुसरीकडं वळली, त्यांची संख्या जास्त. मी त्यातलाच. पुडीत निम्मे पार्ट जुन्या बोर्डवरून काढलेले, पाय कापून आखूड झालेले. ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम दुकानदाराच्या तोंडून, आणि तो गिऱ्हाइकांच्या गर्दीत असला तर तोही नाही. डेटाशीट (पार्टची माहिती देणारा कंपनीचा कागद) हा शब्द मी कॉलेजात ऐकला. एक किट मागवलं होतं, त्यात दोन कंडेन्सर कमी आणि पत्राला उत्तर नाही. बापाच्या पगारातले पैसे होते ते.

आज माझी पुतणी तीनशे-चारशे रुपयांच्या बोर्डवर वाय-फायनं दिवे लावते, अडलं तर दहा मिनिटांत उत्तर शोधते. ती आमच्यापेक्षा जास्त शिकते. हीथकिटचं पुस्तक आम्हाला मिळालं असतं तर मी आज इंजिनिअर असतो. ओहायोकर, तुम्हाला मजा आली नाही कारण तुम्हाला आधीच सगळं येत होतं.


ओहायोचा_सोलापुरी

शेवटचं वाक्य लागलं, पण खोटं नाही.


खरखरप्रेमी

रोखठोक, कमी पार्ट आणि न आलेलं उत्तर याला माझ्याकडंही जबाब नाही. पण एक गोष्ट वेगळी सांगतो. पुतणीच्या बोर्डवर दिवा लागला नाही तर ती कोड तपासते. आत काय झालं ते बोटानं तपासता येत नाही. आमच्याकडं मीटर नव्हता तरी बोट होतं. निवृत्त_मेकॅनिक काका, बोटाची टेस्ट लिहा की.


निवृत्त_मेकॅनिक

लिहितो. आधी एक सूचना: हे फक्त सेलवर चालणाऱ्या सेटवर करायचं, मेनवर (घरातल्या विजेवर) चालणाऱ्यावर कधीच नाही.

सेट मुका आहे. सुरुवात स्पीकरकडून करायची, एरियलकडून नव्हे. सेल जोडताना स्पीकरमध्ये 'टक्' झालं तर स्पीकर जिवंत. मग पेचकसाच्या पात्याला बोट लावून व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला टेकवायचं. 'घुर्र' आलं तर तिथून पुढचा सगळा अँप्लिफायर शाबूत, दोष मागं. नाही आलं तर दोष पुढं. अर्धा सेट एका स्पर्शात बाद. मग एकेक आयएफच्या (मधल्या टप्प्याच्या) ट्रान्झिस्टरचा बेस. तिथं 'घुर्र' येत नाही, बारीक 'खट्' येतो, कान द्यावा लागतो. जिथं 'खट्' येणं बंद झालं, तिथं आणि त्याच्या अलीकडच्या टप्प्यात शोधायचं. ऑसिलेटर चालतो का, हे बघायचं तर शेजारी दुसरा चालू रेडिओ ठेवून यावरचा काटा फिरवायचा. दुसऱ्यात शीळ ऐकू आली तर ऑसिलेटर चालू.

रोखठोक, तुमच्या किटला जे झालं ते वाईट झालं. दोन कंडेन्सर कमी होते तर गावातला कुठलाही मेकॅनिक देऊन गेला असता. विचारायला कुणी शिकवलं नाही, एवढंच.


रोखठोक

काका, दुकानात शिरायची भीती वाटायची हो. पोरगं काउंटरवर आलं की "काय पाहिजे बे, लवकर बोल" असं यायचं.


होटगीरोडवाला

+१. ही भीती मलाही होती. यादी द्यायची आणि मान खाली घालायची.


बाबा_झालोय_नवा

धागा वाचून उत्साह आला. मुलगी दहा वर्षांची, सुट्टी लागलीय, बाहेर ऊन मी म्हणतंय. घरात बसून काहीतरी करावं म्हणतो. मला स्वतःला काही येत नाही. रेडिओ करू का? पार्ट कुठं मिळतील?


खरखरप्रेमी

रेडिओनं सुरुवात नको. ट्यूनिंगमध्ये लहान मूल कंटाळतं, आणि आता घराघरात एलईडी बल्बांची आणि चार्जरांची एवढी खरखर आहे की मीडियम वेव्हवर तीच ऐकू येते. ५५५ आणि ४०१७ घ्या, दहा एलईडी घ्या. डोळ्यांना लगेच दिसतं. सोल्डरिंगही आता नको, ब्रेडबोर्ड (पाय नुसते खोचायची भोकांची पाटी) घ्या. पार्ट नवी पेठेत मिळतील, ऑनलाइनही मिळतात; पण मुलीला घेऊन दुकानात जा आणि यादी तिलाच देऊ द्या.


निवृत्त_मेकॅनिक

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊ नका, लवकर बसते. चार पेन्सिल सेलचा होल्डर घ्या, सहा व्होल्ट पुरतात. आणि मासिकात एखादं बिनाट्रान्सफॉर्मरचं, थेट मेनवर चालणारं ट्रायॅकचं (घरातल्या विजेच्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) रनिंग लाइट दिसलं तर पान उलटा. त्यात अख्खं सर्किट लाइनला जोडलेलं असतं. मंडपात त्याचे झटके खाल्लेली माणसं मी पाहिली आहेत.


ओहमताई

मुलीला रेझिस्टन्सचे रंग पाठ करायला लावू नका. एकेक रंगाची वाटी करून वेगळे काढायला द्या. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, आपोआप बसतं. आणि प्रदर्शनात ठेवलंत तर पुठ्ठ्यावर तिचंच नाव!


बाबा_झालोय_नवा

झालं! म्हणजे जवळजवळ झालं. दिवे पळतायत, पण आपल्या मर्जीनं. हात जवळ नेला की सुसाट, हात लांब नेला की कुठंतरी थांबतात. पूर्वभागकरांनी लिहिलेली १३ नंबरची पिन आठवली, पाहिलं तर ती मोकळीच होती. वायर लावायला गेलो तर मुलगी हातच लावू देईना. तिला असंच पाहिजे. शेजारच्या पोरांना बोलावून 'हात न लावता दिवे पळवते' म्हणून दाखवतेय.


पूर्वभागकर

ती गंमत काढू नका की! १३ ला एक टॉगल स्विच लावा. एकीकडं ग्राउंड, दुसरीकडं मोकळं. पाहुणे आले की मोकळं, गणपतीला ग्राउंड. आणि मोकळ्या पिनेला चार बोटं लांब वायर सोडा, मग हात आणखी लांबूनच पकडते.


बाबा_झालोय_नवा

स्विच नवी पेठेत मिळाला. दुकानदारानं तिला विचारलं, "कशाला पाहिजे गं?" तिनं काउंटरवर उभं राहून अख्खं सांगितलं. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती.